मंडळाच्या कमिटीला खुलं पत्र: कमरेची बंदूक भोंडल्याला आणू नका, एवढं म्हणायला इतकं जड का जातंय?

मा. अध्यक्ष, कमिटीतले सगळे आणि आपल्या मंडळाचे सभासद यांना,

सप्रेम नमस्कार.

मंडळाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेला कुठेतरी एवढं पुरे, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच, आणि ज्यांच्यामुळे हे सुरू झालं त्यांचं नावही इथे येणार नाही कारण माणूस चांगला आहे आणि भांडण माणसाशी नाहीच. भांडण तुमच्याशी आहे. घरगुती कार्यक्रमाला बंदूक आणू नका असं सगळ्यांना कळवा, या माझ्या विनंतीला तीन आठवडे थांबून तुम्ही जे पाच ओळींचं उत्तर पाठवलंत ना, "हा खासगी घरातला प्रश्न आहे, राज्याचा कायदा परवानगी देतो, मंडळ यावर भूमिका घेणार नाही, कृपया ग्रुपवर चर्चा नको", त्या पाच ओळींशी आहे. ग्रुपवर नको म्हणालात म्हणून इथे लिहितेय.

आधी काय झालं ते सांगते, कारण आतापर्यंत त्याच्या चार वेगवेगळ्या आवृत्त्या माझ्याच कानावर आल्यात आणि एका आवृत्तीत मी किंचाळले होते म्हणे. मी किंचाळले नाही.

ऑक्टोबरमध्ये भोंडला माझ्याकडे होता. मागच्या अंगणात पाटावर हत्ती, भोवती पंधरा-वीस पोरं आणि तेवढ्याच बायका, नवरेमंडळी आपली पॅटिओवर गप्पा मारत. खिरापत ओळखायचा खेळ असतो म्हणून डबे मी सकाळीच फ्रीजवर लपवून ठेवले होते, पोरांच्या हाताला लागू नयेत म्हणून, आणि ते काढायला खाली स्टूल ठेवलं होतं. गाणी संपली, मी आत आले, स्टुलावर चढले, हात वर घातला तर डब्याच्या जागी काहीतरी कडक, खरखरीत लागलं आणि ते कोमट होतं. अंगाची ऊब अजून गेली नव्हती. हॉल्स्टर, आणि आत पिस्तूल, चिवड्याच्या डब्याला टेकवून ठेवलेलं.

ते ज्यांचं, ते भाऊजी आले तेव्हाच त्यांच्या कमरेला ते मी पाहिलं होतं, शर्ट खोचलेला, उघडउघड. दार मीच उघडलं होतं. आणि मी काय म्हटलं? "या या, वहिनी कुठंय, चहा घेणार ना." बस. म्हणजे चूक माझ्यापासून सुरू होते हे मला मान्यच आहे. मग सोफ्यावर बसताना ते टोचायला लागलं म्हणून त्यांनी काढून "सेफ जागी", पोरांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी, फ्रीजवर ठेवलं. खाली स्टूल होतं. ते मीच ठेवलेलं.

मी बाहेर जाऊन हळूच म्हटलं, भाऊजी, पुढच्या वेळी हे आणू नका ना. तर ते हसून म्हणाले, वहिनी घाबरू नका, लायसन्स आहे, सगळं लीगल आहे, टेक्सास आहे हे. पॅटिओवरचे सगळे एकदम गप्प झाले आणि कुणीतरी क्रिकेटचं काढलं. रात्री भांडी आवरताना नवरा म्हणाला जाऊ दे गं, रोज तोंड बघायचंय त्यांचं. एवढंच झालं. कुणाला काही लागलं नाही, पोलीस आले नाहीत, खिरापतीला ओल्या नारळाच्या करंज्या होत्या आणि त्या कुणालाही ओळखता आल्या नाहीत.

आता लगेच कुणीतरी म्हणणार की हिला बंदुकीची ॲलर्जी आहे, ही ती तसली. तर ऐका, मी बंदुकीच्या घरात वाढलेय. सिंधुदुर्गातलं आमचं घर, आजोबांकडे शेतीसंरक्षणाचं लायसन होतं, आधी ठासणीची आणि नंतर काडतुसाची. रानडुकरं भात झोपवायची, वांदर नारळ-केळी काही ठेवायचे नाहीत, त्यामुळे बंदूक म्हणजे कोयत्यासारखी, कामाची वस्तू. निवडणूक आली की सगळ्यांबरोबर आजोबाही ती पोलीस स्टेशनात जमा करायचे, पावती खिशात घालून महिनाभर वांदरांना आणि सरकारला एकाच दमात शिव्या द्यायचे. पण राखणीवरून येताना कुणी चहाला हाक मारली तर हा माणूस खळ्यातच, म्हणजे अंगणातच थांबायचा, बंदूक उघडून काडतूस काढायचा, काडतूस बंडीच्या खिशात, बंदूक पडवीच्या कोपऱ्यात, आणि मग पाय धुऊन आत. "बंदूक भायर, माणूस भितर." त्यांना कुणी सेक्शन नंबर सांगितला नव्हता. दुसऱ्याच्या घरात चुलीपाशी बायका-पोरं आहेत एवढं कळत होतं. आणि आपण इथे चपला दाराबाहेर काढतो, दोनशे डॉलरचे बूटसुद्धा, कुणी म्हणत नाही की बूट घालून आत यायचा मला घटनात्मक अधिकार आहे.

"कायदा परवानगी देतो" हे तुमचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं कारण ते अर्धंच आहे. या प्रकारानंतर मी तो कायदा बसून वाचला, तुम्हीही वाचा, फार लांब नाहीये. टेक्सासमध्ये लायसन्सवाल्यांना पिस्तूल उघडपणे हॉल्स्टरमध्ये बाळगता यायला लागलं १ जानेवारी २०१६ पासून, आणि १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना लायसन्सचीही गरज उरली नाही. बरोबर. पण त्याच कायद्यात हेही आहे की जागा ज्याची, शब्द त्याचा. घरमालकाने, किंवा मालकाच्या वतीने बोलणाऱ्याने, तोंडी "इथे नको" म्हटलं तरी पुरतं. ते न ऐकता उघडं हत्यार घेऊन थांबून राहिलात तर तो क्लास ए मिसडिमीनर, म्हणजे एक वर्षापर्यंत जेल आणि ४,००० डॉलरपर्यंत दंड. म्हणजे कायद्याने भाऊजींना माझ्या घरात बंदूक आणायचा हक्क दिलेला नाहीये, कायद्याने फक्त तोंड उघडायची जबाबदारी माझ्यावर टाकलीये.

आणि घोडं पेंड खातं ते इथेच.

अमेरिकन शेजारी सरळ म्हणतो, सॉरी बडी, नॉट इन माय हाउस, आणि दोघं पुढच्या मिनिटाला बार्बेक्यूपाशी उभे. आपल्याला नाही जमत ते. दारात आलेल्या माणसाला, तेही सणाच्या दिवशी, बायको-मुलांसकट आलेल्याला, "हे बाहेर ठेवून या" म्हणायला आपली जीभ रेटत नाही. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. आणि न ऐकल्यास काय करू, ९११ ला फोन करून पोलीस बोलावू? ज्यांनी कोविडमध्ये आमच्या दारात औषधं आणून ठेवली, ज्यांच्या मुलीबरोबर माझी मुलगी एकाच व्हॅनमधून शाळेत जाते, त्यांच्यावर क्लास ए मिसडिमीनर लावू? दारावर मनाईचा बोर्ड लावायचा दुसरा पर्याय आहे म्हणा. तर त्या बोर्डाचेही नियम आहेत, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत, अक्षरं कमीत कमी एक इंच उंच, ठळक रंगात, आणि एका बोर्डाने भागत नाही, लायसन्सवाल्यांच्या उघड्या पिस्तुलासाठी पीनल कोडचं, म्हणजे राज्याच्या फौजदारी कायद्याचं कलम ३०.०७, लपवलेल्यासाठी ३०.०६, आणि बिनलायसन्सवाल्यांसाठी ३०.०५ वाला वेगळा. दाराला झेंडूचं तोरण, खाली रांगोळी, आणि मधे इंचइंच अक्षरात पीनल कोड. या, हळदीकुंकवाला या.

म्हणून मंडळाने बोलायला हवं. एकेकट्या यजमानाला जे बोलता येत नाही ते मंडळाच्या मेलमध्ये एका ओळीत लिहिता येतं आणि कुणाचंच तोंड वाईट होत नाही. तुमच्याकडे लिहायची सवय नाही असंही नाही! घरगुती कार्यक्रमाच्या यजमानांना आणि पाहुण्यांना जी सूचनांची मेल जाते ती मी परत उघडून बघितली. पार्किंगवर नऊ ओळी आहेत, शेजाऱ्याचा ड्राइव्हवे अडवू नका वगैरे. नट ॲलर्जीवर चार. घरातला कुत्रा बांधून ठेवा यावर दोन, डिस्पोजेबल प्लेट्स की स्टीलची ताटं यावर तर काव्य आहे जवळजवळ. कुत्रा बांधा म्हणताना कुणाच्या खासगी घरात ढवळाढवळ होत नाही आणि पिस्तूल आणू नका म्हटलं की होते, हे गणित मला कुणीतरी समजावून सांगा.

माझ्या बाकीच्या तक्रारीही ऐकून घ्या, एकदाच.

उघडं पिस्तूल कमरेला असतं आणि सहा-सात वर्षांच्या पोराचं डोकं मोठ्या माणसाच्या कमरेएवढंच येतं. भोंडल्याच्या गर्दीत, रांगेत, प्रसाद घेताना, ते पोर त्या मुठीच्या समोर उभं असतं. पोलिसाच्या हॉल्स्टरला पिस्तूल कुणी ओढू नये म्हणून दोन-दोन खटके असतात आणि त्याचं त्याला ट्रेनिंग असतं. आपल्यातले जे ऑनलाइन तीस डॉलरचं हॉल्स्टर मागवतात त्याला काय असतं ते त्यांनीच तपासून बघावं. आणि बऱ्याच लोकप्रिय पिस्तुलांना बाहेरून दाबायचा सेफ्टी खटकाच नसतो, सेफ्टी ट्रिगरमध्येच असते, म्हणजे ट्रिगर पूर्ण दाबला की सुटलं. "सेफ आहे" म्हणताना हे लक्षात असू द्या.

दुसरं म्हणजे काढून ठेवणं. माझ्या मते सगळ्यात धोक्याचं हेच आणि यावर कुणी बोलत नाही. पिस्तूल अंगावर आहे तोवर निदान कुणाचं आहे ते माहीत असतं. काढून फ्रीजवर, पर्समध्ये, पाहुण्यांच्या जॅकेट्सच्या ढिगाखाली बेडरूममध्ये ठेवलं की ते त्या घराचं होतं, आणि घरातल्यांना पत्ताच नसतो. १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं हत्यार लागेल असं निष्काळजीपणे ठेवलं आणि ते लागलं, तर टेक्सासमध्ये तो गुन्हा आहे, त्याला लायसन्सचा काही संबंध नाही.

तिसरं, आपल्या लोकांसाठी खास. "घे ना, हातात घेऊन बघ" हा प्रकार मी स्वतः दोन पार्ट्यांत बघितलाय. आपल्यातले निम्मे लोक एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहेत. शिकारीच्या लायसन्ससारखे काही ठराविक अपवाद सोडले तर एच-वन-बीवाल्याने बंदूक बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे, आणि बंदुकीचा गुन्हा म्हणजे थेट देशाबाहेर जायची वेळ येऊ शकते. दोन मिनिटं हातात घेतली तर कोण पकडतंय म्हणाल, कदाचित कुणीच नाही, पण ज्याचं ग्रीन कार्ड बारा वर्षं रखडलंय त्याला कुणाच्या तरी हौसेपायी हा जुगार का खेळायला लावायचा?

आणि दारू. सार्वजनिक ठिकाणी नशेत पिस्तूल बाळगणं गुन्हा आहे, पण खासगी जागेत मालकाची संमती असेल तर ते कलम लागत नाही. परत वाचा. म्हणजे आपल्या थर्टी फर्स्टच्या पार्टीत तिसरा पेग घेतलेला माणूस आणि त्याच्या कमरेचं पिस्तूल यांच्यामध्ये कायदा उभा नाहीये, फक्त यजमानाचा "नको" उभा आहे, जो तो म्हणणार नाही. भिडेखातर.

आता दुसरी बाजू. मी ती ऐकलीये आणि मला ती खोटी वाटत नाही. मे २०२३ मध्ये इथल्याच ॲलन गावच्या आउटलेट मॉलमध्ये गोळीबारात आठ जण मारले गेले, त्यात हैदराबादची एक तरुण इंजिनियर मुलगीही होती. आपण सगळे तिथे जातो, मीही मुलीचे शाळेचे बूट तिथूनच घेतले होते. त्यानंतर आपल्या कितीतरी लोकांनी पहिल्यांदा बंदूक घेतली आणि ती भीती खरी आहे, तिला हसणाऱ्यातली मी नाही. २०१९ मध्ये डिसेंबरच्या शेवटी फोर्ट वर्थजवळच्या एका चर्चमध्ये हल्लेखोराला तिथल्याच एका सभासदाने काही सेकंदात गोळी घातली हेही मला माहितीये, भाऊजींनीच व्हिडिओ पाठवला होता. पण तो माणूस तिथे चर्चच्या सुरक्षा टीमचा म्हणून बसला होता, चर्चला ते माहीत होतं. उद्या मंडळाने ठरवून, सांगून, ट्रेनिंग असलेला एखादा माणूस गणपतीला दारात उभा केला तर मी पहिली वर्गणी देईन. माझी तक्रार न सांगता, न विचारता कुणीही कमरेला लावून येण्याबद्दल आहे. लपवून आणलं असतं तर मला कळलंच नसतं हेही मान्य, पण म्हणून उघडं आणलेलं बरं असं होत नाही, विचारायचं दोघांनीही.

(खंडेनवमीला आपण शस्त्रपूजा करतो, आपण मावळ्यांचे वंशज, असा एक मेसेज मला आलाय. मीही करते पूजा. पाटावर विळी, कोयती, नवऱ्याचा ड्रिल आणि माझा लॅपटॉप असतो. पूजा झाली की ते जागच्या जागी जातं, कोयती खोचून कुणी प्रसादाच्या रांगेत उभं राहात नाही.)

बरं, असं सांगितलं म्हणून जग बुडतं का? सप्टेंबर २०१३ मध्ये स्टारबक्सच्या प्रमुखांनी असंच एक खुलं पत्र लिहून गिऱ्हाइकांना विनंती केली होती की कायद्याने चालत असलं तरी आमच्या दुकानात बंदूक आणू नका. बंदी नाही, विनंती. सप्टेंबर २०१९ मध्ये, एल पासोमधल्या त्यांच्याच दुकानातल्या हत्याकांडाला महिना झाल्यावर, वॉलमार्टनेही उघडी बंदूक आणू नका असं सांगितलं, आणि वॉलमार्ट स्वतः बंदुका विकतं! हवाई राज्याने तर २०२३ मध्ये नियमच उलटा केला, जागेच्या मालकाने हो म्हटल्याशिवाय न्यायचीच नाही असा, त्यावर कोर्टबाजी होऊन प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. मंडळाला कुठल्या कोर्टात जायचंय? आपल्या रविवारच्या मराठी शाळेला आपण शाळेची इमारत भाड्याने घेतो, तिथे कायद्यानेच आत हत्यार नेता येत नाही, आणि तिथे आजपर्यंत एकाही पालकाने कुरकुर केलेली नाही. भाऊजीसुद्धा तिथे बिनपिस्तुलाचे येतात आणि छान बाराखडी घेतात.

तर मागण्या. फार नाहीत.

मंडळाच्या नावाने कुणाच्याही घरी जो कार्यक्रम होईल त्याच्या आमंत्रणात ही ओळ घाला: "यजमानांनी स्वतःहून आधी हो म्हटलं नसेल तर कृपया कुठलंही हत्यार, उघडं किंवा लपवलेलं, आणू नये." पार्किंगच्या वर. खाली नको, खाली कुणी वाचत नाही.

यजमानांच्या फॉर्ममध्ये हो किंवा नाही असा एक प्रश्न घाला. ज्यांना चालतं त्यांनी हो लिहावं, त्यांच्या घराबद्दल मला काही म्हणायचं नाही, मात्र ते आमंत्रणात दिसू दे म्हणजे बाकीच्यांना पोरं आणायची की नाही ते ठरवता येईल. आणि अशा घरीसुद्धा पिस्तूल अंगावरच, हॉल्स्टरमध्येच राहील, काढून ठेवणं नाही, दाखवणं नाही, हातात देणं नाही, ग्लास हातात असेल तर अजिबातच नाही.

प्रत्येक घरगुती कार्यक्रमाला कमिटीतला एक जण दारात हवा आणि कुणी चुकून घेऊन आलंच तर यजमानाच्या वतीने त्यानेच सांगायचं. यजमानीणबाईंना त्यात ओढायचं नाही. "गाडीत ठेवा" म्हणताना गाडीत म्हणजे लॉकबॉक्समध्ये, सीटवर किंवा ग्लोव्ह कंपार्टमेंटमध्ये नव्हे, गाड्या फुटतात आणि पहिली बंदूकच जाते. आणि ते घरून निघतानाच करून या, माझ्या ड्राइव्हवेवर पोरांच्या घोळक्यात नको.

हॉल भाड्याने घेताना तिथला नियम आधी विचारा आणि जमत असेल तर ते सगळे बोर्ड लावा. हॉलला तोरण नसतं, तिथे शोभतील.

आणि शेवटची, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: "ग्रुपवर चर्चा नको" हे मागे घ्या आणि हा विषय येत्या वार्षिक सभेत अजेंड्यावर घ्या. माझ्या विरोधात ठराव झाला तरी चालेल, मी तो मान्य करीन आणि माझ्या घरापुरतं माझं मी बघीन. पण ठराव होऊ दे. मला आतापर्यंत अकरा जणींनी खासगीत मेसेज केलेत की "तुझं बरोबर आहे गं पण माझं नाव घेऊ नकोस". अकरा.

भाऊजींना, ते वाचत असतील तर: माझा राग नाहीये. त्या दिवशी दारातच बोलायला हवं होतं ते मी बोलले नाही आणि मग सगळ्यांसमोर बोलले, त्याबद्दल सॉरी. चहाला या. कसं यायचं ते आता माहीत आहे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या यजमानांच्या यादीत माझं नाव तिसरं आहे, मी ते काढलेलं नाही. फॉर्ममध्ये "विशेष सूचना" म्हणून रकाना आहे, त्यात मी वरची ओळ जशीच्या तशी लिहून फॉर्म कालच पाठवलाय. मेल जाताना ती गाळू नका.

कळावे,
तुमच्या मंडळाची सभासद, चौदा वर्षं, वर्गणी वेळेवर